अंगण, परसबाग आणि माघ-फाल्गुनातली कामे



गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हा आपल्यापैकी कुणाला घराभोवती बघायला सवड नसते. टोळी कधी येणार, चिटबॉय कुठे गाठ पडेल, वाढे कुणाला द्यायचे, तुटलेल्या रानात खोडव्याला पाणी कधी फिरवायचे, सुरूची राहिलेली लागण कधी उरकायची, ह्यातच माघ निघून जातो. नेमकी ह्याच चार-पाच आठवड्यांत अंगणातली आणि परसातली वर्षाची मुख्य कामे येतात. ती बहुतेक घरांत बायकांच्या अंगावर पडतात, आणि त्यांना सांगणारे कुणी नसते. शेती विभागाची सगळी पत्रके उसावर. घरामागच्या अर्ध्या गुंठ्यावर आजवर एकही पत्रक निघालेले मला आठवत नाही, आणि त्या विभागात तीसेक वर्षे नोकरी केलेली असल्यामुळे हा दोष माझाही आहे.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते असे जुनी माणसे म्हणतात. त्यात बरेच तथ्य आहे. रात्रीचा गारठा मोडतो, दुपार तापू लागते, झाडाची वाढ जोर धरते. कडक ऊन मात्र पाडव्याच्या पुढे. ह्या दोहोंच्या मधले दिवस म्हणजे घरबागेचा वाफसा म्हणा ना. ह्या दिवसांत लावलेले रोप मूळ धरते, छाटलेली फांदी फुटते, घातलेले खत लागू पडते. पाडवा उलटल्यावर तीच कामे केली तर कष्ट तेवढेच आणि पदरात निम्मे.

आधी पाण्याचा हिशेब

बागेची हौस करण्याआधी पाणी मोजा. आपल्याकडे उसाला पाणी मोजून द्यायची सवय उशिरा लागली, घराला अजून लागायची आहे.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच साधारण १०१ चौरस मीटर. फाल्गुनात एका चौरस मीटरवरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर एका गुंठ्याच्या हिरवळीला रोज सुमारे ५०० लिटर पाणी लागते. दोनशे लिटरचे अडीच बॅरल! चैत्र-वैशाखात ते ह्याच्या दीडपट होते. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे आणि धुण्याचे मिळून दोन-अडीचशे लिटर पाणी निघत असेल. म्हणजे घरच्या सांडपाण्यावर गुंठाभर हिरवळ जगत नाही, ती विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यावरच जगते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट बघतात, त्या गावात गुंठाभर लॉन ठेवणे मला तरी बरे वाटत नाही.

हौस असू नये असे माझे म्हणणे नाही. ओट्यासमोर पंधरा बाय अठरा फुटांचा तुकडा ठेवा. तो २५ चौरस मीटर होतो, त्याला रोजी सव्वाशे लिटर पुरते. पोरांना लोळायला, संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला एवढा पुष्कळ.

हरळी: रानात वैरी, दारात पाहुणी

ह्या लॉनची एक गंमत आहे. उसाच्या बिलावर बंगला बांधला, पुण्याहून माणूस आणला, त्याने पैसे घेऊन अंगणात गवत लावून दिले. बघतो तर काय, हरळी! जी हरळी आपण उसातून जन्मभर कुदळीने खणून काढली, बांधावर जाळली, जिच्यापायी खुरपणीला बायका मिळेनात, तीच दारात विकत आणून बसवली. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही ह्याच. जात चिवट आहे, म्हणूनच ती पायाखाली तुडवली तरी टिकते आणि आपल्या हवेत हिरवळीला हिच्याइतके कमी लाडाचे गवत दुसरे नाही. तेव्हा पाहुणी म्हणून आली आहे तर नीट वागवू, पण बांधून ठेवू. हिरवळीच्या कडेने वीतभर खोल विटा उभ्या पुरा, नाहीतर दोन वर्षांत ती भाजीच्या वाफ्यात शिरते.

थंडीत हरळी पिवळी पडते, वाढ थांबते. लोक घाबरून युरिया फेकतात. थांबा. शिवरात्र उलटू द्या. मग दाताळ्याने वाळका थर ओढून काढा, खाली हवा जाऊ द्या. बारीक चाळलेले कुजके शेणखत आणि पोयटा समभाग मिसळून बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा, झाडूने गवतात जिरवा आणि मग भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत हिरवा कोंब दिसतो. तेव्हा हवे तर युरिया द्या, तोही हलका, आणि लगेच पाणी. कोरड्या गवतावर युरियाचे दाणे पडून राहिले तर जळके ठिपके पडतात.

कापताना गवत जमिनीसरसे भादरू नका. उन्हाळ्यात दीड-दोन इंच उंची राहू द्या, म्हणजे त्याच्या सावलीत जमीन थंड राहते. पाणीही रोज संध्याकाळी पाइप धरून शिंपडायची जी पद्धत पडली आहे ती चुकीची. वरच्यावर पाणी दिले की मुळे वरच राहतात, आणि वरच्या ओलीवर लव्हाळा माजतो. काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांनी सकाळी एकदा, पण खोलवर भिजेल असे द्या. लव्हाळा नुसता उपटू नका. वरचे पाते तुटते, खालची गाठ जागीच राहते आणि तिच्यापासून पुन्हा फुटवे येतात. खुरप्याने दोऱ्यासारखे मूळ धरून गाठीपर्यंत जा. कंटाळवाणे काम आहे, पण ओली जमीन असेल तर नातवंडे हौसेने करतात. गाठीला काहीतरी बक्षीस लावा.

मोरीचे पाणी

आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी केळ, कर्दळ आणि अळू लावले ते काही शोभेसाठी नव्हे. ही तिन्ही पाणथळ जागा सोसतात आणि सांडपाणी पिऊन टाकतात. हल्ली मोरीला सिमेंटचे गटार आले, केळ गेली आणि डास आले.

पण एक फरक ध्यानात घ्या. आज्यांच्या वेळी मोरीत राख आणि शिकेकाई जात होती. आता धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर जाते. ह्यात सोडियम असते. काळ्या चिकण जमिनीत ते साठत गेले की माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगडासारखी होते, पाणी जिरत नाही, वर पांढरा थर दिसतो. चोपण जमीन म्हणजे काय हे नदीकाठच्या सभासदांना सांगायला नको. रानात अतिपाण्याने जे झाले तेच घरामागे मोरीच्या पाण्याने होते, फक्त छोट्या जागेत. म्हणून धुण्याचे पहिले, फेसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या खळबळण्याचे आणि आंघोळीचे पाणी केळी, नारळ, कर्दळ ह्यांना द्या, आणि तेही एकाच जागी वर्षानुवर्षे नको, चर बदलत जा. जिथे पांढरे फुटले आहे तिथली माती तपासून घ्या आणि सल्ल्याप्रमाणे जिप्सम टाका. कोथिंबीर, पुदिना, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या जिनसांना मोरीचे पाणी अजिबात देऊ नका. घरात जुलाब लागले की आपण शिळ्या अन्नाला दोष देतो, पण कारण कधीकधी ह्या वाफ्यात असते.

खत आपल्याच रानात पडले आहे

ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट उरते. पूर्वी सरसकट पेटवून देत, आता बरेच सभासद सरीत ठेवतात ही चांगली गोष्ट झाली. त्यातले चार-सहा भारे घरी आणा. भाजीच्या ओळींत आणि झाडांच्या आळ्यात तीन-चार बोटे जाडीचा थर घाला. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबते आणि तणही दबते. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा. पाचट खोडाला टेकले की वाळवी वर चढायला वाट होते. आणि पाचटाचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. होळीचे दिवस आहेत, एक ठिणगी पुरते.

उरलेल्या पाचटाचा खड्डा भरा. १०० किलो पाचटाला ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम पाचट कुजवणारे जिवाणू, हे प्रमाण एक टनाला ८ किलो, १० किलो आणि १ किलो असे जे शेतासाठी सांगतात त्याचेच आहे. थरावर थर द्या, शेणकाल्याने भिजवा, वर माती लिंपा. फाल्गुनात भरला तर मृगाच्या सुमारास खत वापरायला येते. कारखान्याचा प्रेसमड आणणार असाल तर ताजा झाडाला घालू नका. तो कुजताना तापतो, मुळे भाजतात. ढीग करून, ओला ठेवून, दोन-चार वेळा पालथा करून थंड झाल्यावर वापरा.

शेणखत उपसताना त्यात अंगठ्याएवढ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतात. दारात नारळ असेल तर ह्यांच्याकडे काणाडोळा करू नका. नारळाचा कोंब कुरतडणारा गेंड्या भुंगा उकिरड्यातच वाढतो. अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाका.

उसाच्या रानातली माती मात्र वाफ्यात भरायला आणू नका. फुकटची आणि जवळची म्हणून ट्रॉलीभर आणली जाते. तिच्याबरोबर हरळीचे तुकडे येतात, लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि न दिसणारे ॲट्राझिनही येते. उसाला आणि मक्याला हे तणनाशक पचते; काकडी, वाल, टोमॅटो ह्यांना पचत नाही. बी उगवते, दोन-तीन पाने येतात आणि मग पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. बियाणेवाल्याला शिव्या बसतात. शंका असेल तर एका डब्यात ती माती भरून काकडीचे दहा दाणे टाका. तीन आठवड्यांत उत्तर मिळेल.

झाडांची कामे

मोगरा आधी सांगतो, कारण त्याची वेळ सर्वांत कमी उरली आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुने झाड तसेच ठेवले तर नुसता पाला होतो. खरे तर मार्गशीर्षात पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची आणि पौषात छाटायचे. ते राहून गेले असेल तर आता उशीर न करता गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटा, वाळक्या आणि आत शिरलेल्या काड्या काढा, आळे हलके उकरून दोन दिवस उन्हात तापू द्या. मग दोन पाट्या कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करा. महिना-सव्वा महिन्यात कळी धरते. पौषात छाटलेल्याला पाडव्याच्या आसपास गजरे मिळतात, तुमच्याला त्याच्या मागून मिळतील, एवढाच तोटा.

गुलाबाच्या बाबतीत उलटे. पुस्तकांत आणि मासिकांत ‘वसंताच्या सुरुवातीला गुलाब छाटावा’ असे वाचून काही मंडळी आता कात्री चालवतात. ते लेखन थंड मुलखातले, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि झाड झोपी जाते. आपल्याकडची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. आता भारी छाटणी केली तर कोवळा फुटवा थेट उन्हाच्या तोंडी जातो. सध्या फक्त सुकलेली फुले पाच पानांच्या पहिल्या पानापर्यंत कापा, झाड आणखी एक बहर देते.

सीताफळाची पाने गळून झाड बोडके दिसते आहे. नवी पालवी येण्याआधी वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि झाडावर लटकून राहिलेली काळी, वाळकी फळे वेचून जाळा. रोग आणि पिठ्या ढेकूण पुढच्या हंगामासाठी त्यांतच दबा धरून बसतात. आंब्याचा मोहर पूर्ण फुललेला असताना फवारणी नको, मधमाशा मरतात आणि फळच धरत नाही. वाटाण्याएवढी कैरी दिसली की पाणी सुरू करा, तोवर नको. मोहरावर पांढरी भुरी दिसलीच तर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी.

लिंबाला सध्या आंबे बहार आहे. त्याची फळे पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, तेव्हा भाव नसतो हे खरे, पण घरच्या लोणच्याला भावाशी काय घेणे? लिंबाचे मरण बहुधा खोडातून येते. आळ्यात पाणी साचते, बुंधा कायम ओला राहतो, सालीतून डिंक वाहतो आणि दोन वर्षांत झाड वाळते. उपाय सोपा आहे. बुंध्याला मातीची भर द्या आणि त्याच्याभोवती दुसरे आळे करा, म्हणजे बांगडीच्या आकारात पाणी राहील, बुंध्याला शिवणार नाही. आणि खोडाला बोर्डो मलम लावा.

मलम घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात रात्री कापडात बांधून लटकत ठेवा. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात विरवून गार होऊ द्या. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीसकट असलेल्या भांड्यात हळूहळू ओता आणि काठीने ढवळत राहा. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची, लोखंडाचे नकोच. झाल्यावर विळ्याचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. डिंकाची जागा आधी धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा, मग ब्रशने जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत मलम फासा. त्याच दिवशी वापरून टाका, शिळे निकामी होते.

भाजीचे वाफे

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी, तांदुळजा, राजगिरा: हे सगळे आता पेरायचे. वांगी-मिरचीची रोपे असतील तर आताच लावा. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरले तर एकसारखे उगवते. सगळे बी एका दिवशी टाकू नका. पंधरवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा टाकले की उन्हाळाभर घरात भाजी राहते, नाहीतर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटायची आणि पुढे बाजार गाठायचा.

वेलांना नुसती फुले येतात, फळ धरत नाही ही दरवर्षीची तक्रार. सुरुवातीची फुले नर असतात, त्यांना फळ नसतेच. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसते. माशा कमी असतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलके फिरवा. काकडी-कारल्याला सकाळी, दुधी-दोडक्याला संध्याकाळी, कारण त्यांची फुले तेव्हा उमलतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द दिसल्या की ते झाड उपटा. पांढऱ्या माशीने पसरणारा केवडा रोग आहे, औषधाने बरा होत नाही.

कीड दिसली तर निंबोळीचा अर्क. वाळलेल्या निंबोळ्या अर्धा किलो कुटून, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पिळून १० लिटर करा, थोडा साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी तर हातानेच वेचावी.

उसाचा पंप आणि घरची भाजी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

१९८७ सालच्या फाल्गुनात माझ्या घरामागे टोमॅटो, भेंडी आणि चवळी चांगली उभी होती. मावा दिसला म्हणून निंबोळी अर्क केला आणि कोपऱ्यातला पाठीवरचा पंप घेतला. आठवड्यापूर्वी त्याच पंपाने उसात २,४-डी मारले होते. मी पंप दोनदा पाण्याने धुतला होता, आणि मी शेतकी खात्यातला माणूस, तेव्हा मनात शंकासुद्धा आली नाही. चार दिवसांनी टोमॅटोचे शेंडे मुरगळले, पाने दोरीसारखी बारीक झाली. मी घरात सांगितले की हा चुरडा-मुरडा, विषाणू रोग, झाडे उपटून टाका. सौभाग्यवतींनी टोमॅटो उपटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भेंडीपाशी नेले, मग चवळीपाशी, मग कुंपणावरच्या वाल-पापडीपाशी. सगळ्यांचे शेंडे तसेच. “अहो, चार जातींच्या झाडांना एकाच रात्री एकच रोग कसा होईल?” असे त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर कोपऱ्यात उभे होते.

त्यांची ती परीक्षा मी पुढे शेकडो वेळा वापरली. एकमेकांशी नाते नसलेल्या झाडांवर एकदम एकसारखे लक्षण दिसले तर आधी रोग म्हणू नका, तणनाशक आठवा. पंपातून असो की वाऱ्याने शेजारच्या उसातून आलेले असो. हे औषध अगदी थोडे पुरते. नळीत, नोझलमध्ये, वायसरात राहिलेला अंशसुद्धा टोमॅटो-भेंडी-कापसाला भोवतो. धुण्यावर भरवसा ठेवू नका, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर तांबड्या रंगाने फुली मारा आणि तो घराच्या अंगणात आणूच नका. घराला लागून ऊस असेल तर वारा घराकडे वाहत असताना तणनाशक मारू नका.

माझे टोमॅटो गेले, माणसे राहिली. दुसरा प्रकार ह्याहून वाईट. उसाच्या किडीसाठी आणलेले थिमेट, म्हणजे फोरेट, उरले की चिमूट-चिमूट वांग्याच्या बुडात टाकायची रीत अनेक घरांत होती. वांगे कीडमुक्त होई, लोक खूश. एका घरी आम्ही गटाच्या कामाने गेलो तेव्हा परसात सात कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यांनी वांग्याचे आळे उकरून दाणे टिपले होते. आणि चुलीवर त्याच वांग्याची भाजी शिजत होती. त्या घरची सून गरोदर होती. भाजी ओतून दिली. पुढे काही वाईट झाले नाही, पण ते टळले केवळ आमची जीप त्या दिवशी तिकडे वळली म्हणून.

फोरेटवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. तरी कुणाच्या माळ्यावर जुना डबा असू शकतो. असला तर तो विहिरीत, ओढ्यात टाकू नका आणि जाळूही नका. कृषी खात्याच्या माणसाला दाखवून त्याच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावा. बंदी एका औषधावर आली, पण सवय राहिली, आणि मला भीती सवयीची आहे. उसावर मारायच्या प्रत्येक औषधाच्या मागे एक हिशेब असतो. ऊस कारखान्यात जातो तो औषध मारल्यानंतर पुष्कळ महिन्यांनी. भाजीसाठीच्या औषधाच्या डब्यावरही फवारणी आणि तोडणी ह्यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. परसबागेत आपण रोज सकाळी चार भेंड्या, संध्याकाळी दोन वांगी तोडतो. तिथे थांबायचे दिवस पाळणार कोण? पोर तर शेंग तोडून तिथेच तोंडात घालते. म्हणून परसबागेत उसाचे औषध नाही, एवढे एकच बंधन घरात घाला. किडके वांगे कापून किडका भाग फेकता येतो.

राहिली एक गोष्ट, तिची वेळ मे-जूनमध्ये आहे, पण तेव्हा पुन्हा लिहिणे होईल न होईल. दारातला कडुनिंब आणि बांधावरची बाभूळ ही हुमणीच्या भुंग्यांची जेवणाची जागा. उसाची मुळे खाणारी अळी तीच. वळवाचे पहिले चांगले पाऊस झाले की अंधार पडताच भुंगे जमिनीतून निघून ह्या झाडांवर बसतात. झाडाखाली जुनी धोतरे पसरा, रात्री आठ-नऊला काठीने फांद्या हलवा, पडलेले भुंगे गोळा करून रॉकेल किंवा डिझेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. माद्या अंडी घालायला पुन्हा जमिनीत जातात, त्याआधी हे झाले पाहिजे. एकाच घराने करून उपयोग नाही, आळीतल्या सगळ्या निंबांखाली त्याच आठवड्यात बादल्या हव्यात. तेवढ्यासाठी आताच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.